नाव, हुद्दा आणि नंबर: काकांना आभाराचं पत्र

ती. काका,
सा. नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच बाबांच्या तब्येतीवर येता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या आमच्या केअर होममधले ते आजोबा आता नाहीत. त्यांच्या मुलीला विचारूनच लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या लँकॅस्टर बॉम्बरवर ते वायरलेस ऑपरेटर होते. १९४४च्या उन्हाळ्यात विमान पडलं, ते पॅराशूटने उतरले आणि जर्मनांच्या हाती लागले. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं. स्मृतिभ्रंश वाढला तसे ते पुन्हा त्या दिवसांत राहायला लागले आणि आम्हाला कोणालाच त्यांचं वागणं उमगेना.

दाखल झाले त्या दिवशी मी फॉर्म घेऊन समोर बसले. नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. मग न विचारता हवाई दलातला नंबर, आकडा न् आकडा स्पष्ट. पुढे झोप कशी लागते, जेवायला काय आवडतं, घरी कोण कोण असतं, कशालाच उत्तर नाही. खोलीतला हीटर लावला की कासावीस होऊन दाराकडे जायचे. नोंदवहीत 'सहकार्य करत नाहीत' असं पडायला लागलं होतं.

फोनवर तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि पहिला प्रश्न केलात, "कागद होता का तुझ्या हातात?"

मग फ्रँकफुर्टजवळच्या ओबरउर्सेलचं सांगितलंत. पकडलेल्या विमानसैनिकांना आधी तिथल्या 'डुलाग लुफ्ट' या चौकशी छावणीत नेत आणि एकेकट्याला कोठडीत डांबत. रेड क्रॉसचा म्हणून एक खोटा फॉर्म पुढे करत. भरलात तर तुम्ही जिवंत आहात हे घरी कळवू, म्हणत. त्यात स्क्वाड्रन, तळ, सोबती, सगळं विचारलेलं असे. कधी कोठडीचा हीटर जीव घुसमटेल इतका तापवत. आणि विशी-बाविशीतल्या त्या पोरांना शिकवलेलं एकच: नाव, हुद्दा, नंबर, पुढे काही बोलायचं नाही. "अगं, ते ड्यूटी करताहेत," म्हणालात तुम्ही. तुम्ही स्वतः आपल्या हवाई दलातल्या कॅनबेरा बॉम्बरचे नॅव्हिगेटर, ७१च्या लढाईतले. तुम्हालाही हेच शिकवलेलं.

त्या दिवसापासून कागद खोलीबाहेर ठेवला. हीटर बंद करून जादा पांघरूण दिलं. बॉम्बफेकीबद्दल विचारू नकोस, विमानात कुठे बसायचे ते विचार, असं तुम्ही बजावलं होतंत. तसं विचारलं, तर चक्क हसले. लँकॅस्टरमध्ये गरम हवेचं तोंड वायरलेसवाल्याच्या जवळच असायचं. तो घामाघूम आणि शेपटाकडचा गनर गारठलेला! मग त्यांनी विमानातल्या सातही जणांची नावं ओळीने सांगितली. मुलगी शेजारी होती, तिने ती पहिल्यांदाच ऐकली.

बर्फ पडला की बूट घालूनच झोपायचा हट्ट असायचा, त्याचंही कारण तुमच्याकडूनच कळलं. रशियाची लाल सेना जवळ आली तशी सायलेशियातली, म्हणजे आताच्या पोलंडमधली, बांकाऊची छावणी १९ जानेवारी १९४५च्या पहाटे रिकामी केली. सुमारे १,५०० कैदी बर्फातून गोल्डबेर्गपर्यंत जवळजवळ २४० किलोमीटर चालले, रात्री गोठ्यांत नाहीतर कोठारांत. काढलेले बूट सकाळी गोठून कडक व्हायचे, पायात जायचे नाहीत. पुढे मालगाडीच्या डब्यांतून बर्लिनजवळचं लुकेनवाल्डे, आणि एप्रिलमध्ये सुटका. तुमचं सांगणं ऐकून मुलीने लोकरीचे मऊ बूट आणले. तेवढ्यावर ते रात्रभर शांत झोपायला लागले.

बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश बॉम्बर विमानांच्या दलातल्या, सव्वा लाख विमानसैनिकांतले ५५,५७३ मेले, हा आकडा इथे पुष्कळांना पाठ असतो. कैदी झालेले जवळपास दहा हजार फारसे कोणाच्या बोलण्यात नसतात. आणि ज्या शहरांवर बॉम्ब पडले तिथल्या माणसांना विसरू नकोस, हेही तुम्हीच सांगितलंत. ते मी धरून आहे.

आता कोणीही नवीन दाखल झालं की तरुणपणी काय काम करत होते, हे मी आधी नातेवाइकांना विचारते. फॉर्म नंतर.

त्यांच्या मुलीला तुमच्याशी बोलायचं आहे. वडिलांच्या सोबत्यांबद्दल विचारायचंय तिला. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करेल, नंबर परदेशातला दिसेल. उचला.

तुमची,
बाबांची धाकटी