सगळंच 'क्रिटिकल' कसं असेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर हल्ल्याची बातमी आली की लगेच अँटिव्हायरस, फायरवॉल, पासवर्ड यावर भरभरून लिहिलं जातं, पण सगळं बंद पडल्यावर आधी काय उभं करायचं हे कंपनीला माहीत असतं का, हे कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षं आयटी सपोर्टला आहे. बहुतेक ठिकाणी यादी असते ती अकाउंट्सवाल्यांची, लॅपटॉप किती, सर्व्हर केवढ्याचा, घसारा किती. त्यात महागडा स्टोरेज बॉक्स सगळ्यात वर आणि कोपऱ्यातला जुना पीसी, ज्याच्यावर लायसन्स सर्व्हर (सॉफ्टवेअर उघडायची परवानगी देणारा प्रोग्राम) चालतो, तो भंगारात. आमच्याकडे तो खरंच उचलून नेला होता हो, दुसऱ्या दिवशी डिझाइनवाल्यांचं एकही सॉफ्टवेअर उघडेना आणि आम्ही दिवसभर नेटवर्क तपासत बसलो.

बरं, डिपार्टमेंटना विचारावं तर जो तो म्हणतो आमचीच सिस्टीम क्रिटिकल. म्हणून "महत्त्वाची आहे का" असं विचारूच नये. चार तास बंद राहिली तर नेमकं कोणाचं काय अडेल, दिवसभर राहिली तर, आणि कालचा डेटा गेला तर हाताने परत भरता येईल का, हे विचारा. मग पगाराची सिस्टीम महिन्यातले बरेच दिवस बंद राहिली तरी चालेल हे एचआरवालेच कबूल करतात (पगाराच्या आठवड्यात मात्र नाही, म्हणजे तारखेप्रमाणे यादीतला नंबरही बदलतो).

खरी गोची पुढे आहे. ईआरपीला (खरेदी, विक्री, साठा, हिशोब एकत्र चालवणारी सिस्टीम) पहिला नंबर दिला आणि ती ज्या डेटाबेसवर, डीएनएसवर (नावावरून नेटवर्कवरचं मशीन शोधून देणारी सोय), लॉगिन सर्व्हरवर चालते त्यांना तिसरा, तर उपयोग काय? 2017 मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्याच्या वेळी मर्स्क या जहाज कंपनीचं असंच झालं, बाकी सर्व्हरचे बॅकअप होते पण डोमेन कंट्रोलरचा (कोणाला लॉगिन करू द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) वेगळा बॅकअप नव्हता, कारण ते एकमेकांशी सिंक होतात, एक गेला तर दुसरा आहेच असा हिशोब, आणि ते एकदमच गेले. वाचला तो घानातला एक, तोही तिथली लाइट गेल्यामुळे नेमका बंद होता म्हणून! पुढे 10 दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे करावे लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितलं.

आम्ही आता यादीत एक कॉलम वाढवलाय, 'हे बंद पडलं तर आणखी काय काय पडेल'. भरायला बसलो तेव्हा कळलं की निम्म्या ओळींचं उत्तर ऑफिसात कोणालाच येत नाही.

आपला,
एक वाचक