सनदेची तयारी शेवटच्या वर्षातच व्हायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात गेलेले चार विद्यार्थी जूनपासून माझ्याकडे इंटर्नशिपची पत्रे घेऊन आले. प्रत्येकाला मी विचारले, की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, कधी घेणार? चौघांचेही उत्तर एकच होते, "आधी निकाल तर लागू दे." चोवीस वर्षे देवरुखच्या न्यायालयात वकिली करताना हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि त्यापायी हुशार मुलांचे वर्ष-दीड वर्ष हातचे गेलेलेही पाहिले आहे. आता तर हा उशीर पूर्वीपेक्षा महाग पडणार आहे, म्हणून हे पत्र.

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी, म्हणजे मुले ज्या परीक्षेला जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) म्हणतात तिच्यासाठी, किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. ही तीन वर्षे राज्य वकील परिषदेकडच्या तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे पहिल्या सनदेच्या, तारखेपासून मोजायची आहेत. किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता, असा अनुभवाचा पुरावाही लागेल. याचा सरळ अर्थ असा, की कोकणातल्या ज्या मुलामुलींना न्यायाधीश व्हायचे आहे, त्यांच्यासाठी सनदेवरची तारीख हीच पहिली पायरी आहे, आणि निकाल, गुणपत्रक किंवा एखादा दाखला यांच्यामुळे ती जितके महिने लांबेल, तितके महिने पुढची प्रत्येक संधीही लांबेल.

संगमेश्वरजवळच्या एका गावातल्या विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. वडील कलमांच्या बागेत राखण्याला, आई घरची भातशेती पाहणारी. मुलगी रोज पहाटेची एसटी पकडून रत्नागिरीला कॉलेजला जात असे. परीक्षा मे महिन्यात संपली, निकाल गणपतीनंतर लागला, आणि हाती आलेल्या गुणपत्रकात तिच्या आईच्या नावात चूक निघाली. ती दुरुस्त करण्यासाठी तिला दोनदा मुंबईला जावे लागले. त्यानंतर मूळ कागदपत्रे तपासण्यासाठी आणि नोंदणीसाठी पुन्हा मुंबई. प्रत्येक फेरीला जाण्यायेण्याच्या दोन रात्री आणि घरातल्या एका माणसाची बुडालेली मजुरी. हाती सनद आली तेव्हा पुढचा शिमगा उलटून गेला होता. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके आणि पदवीचे कागद यांतील नावे एकमेकांशी जुळतात की नाहीत, हे शेवटच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच कोणी तिच्याबरोबर बसून पाहिले असते, तर निदान यापुढच्या कागदांत तीच चूक येऊ नये म्हणून आधीच अर्ज करता आला असता. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ते कोणाचेही नाही म्हणून ते होत नाही.

खर्चाच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट घडली आहे आणि ती अजून कित्येक पालकांना ठाऊक नाही. वकील अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये नोंदणी शुल्क ठरवून दिलेले आहे : राज्य वकील परिषदेसाठी ६०० रुपये आणि भारतीय वकील परिषदेसाठी १५० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांसाठी अनुक्रमे १०० आणि २५ रुपये. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत रक्कम घेतली जात असे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी हे थांबवले आणि मुद्रांक शुल्क वगळता कायद्यातल्या आकड्यापेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. सनदेसाठी कर्ज काढावे लागेल या समजुतीने नोंदणी पुढे ढकलणारी घरे आजही आहेत, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

आता अखिल भारतीय वकील परीक्षेविषयी. २०११ पासून ही परीक्षा होत आहे आणि तात्पुरती सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी लागते. १०० बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, मूळ अधिनियमाची टीपा नसलेली प्रत सोबत ठेवता येते आणि प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. विषय १९ आहेत हे ऐकून मुले घाबरतात. पण संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांवर प्रत्येकी १० प्रश्न, आणि फौजदारी कायदा, पुरावा, कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्तेचा गट यांवर प्रत्येकी ८ प्रश्न असतात. या सात विषयांतच ६२ गुण येतात आणि हेच सात विषय तालुक्याच्या न्यायालयात रोजच्या बोर्डावर असतात. ज्याला पुस्तकातले कलम पटकन उघडता येते, त्याला ही परीक्षा जड जाऊ नये. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांना ती देऊ द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुचवले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या वर्षीच्या परीक्षेपुरता तसा आदेशही दिला. ही सोय कायम राहिली पाहिजे आणि तिची माहिती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर वेळेवर लागली पाहिजे.

माझी खरी काळजी मात्र परीक्षेची नाही. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात एक प्रात्यक्षिकाचा विषय आहे, ज्यात अभिरूप न्यायालयासाठी (सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यासाठी) ३०, एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून केलेल्या नोंदींसाठी ३०, पक्षकाराची मुलाखत आणि दाव्याची पूर्वतयारी यांसाठी ३० आणि तोंडी परीक्षेसाठी १० गुण असतात. इतका चांगला विषय आखलेला असताना बहुतेक मुले मागच्या वर्षीची जर्नल उतरवून काढतात. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांना न्यायालयात बसवून रोजनामा (खटल्याच्या कामकाजाची तारखेवार नोंद) कसा वाचायचा, निशाणी (कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक) म्हणजे काय, मनाईहुकमाच्या अर्जावर म्हणणे, म्हणजे लेखी उत्तर, कसे द्यायचे, हे शिकवणारा माणूस त्यांना मिळवून दिला जात नाही. १९७३ च्या दुरुस्तीने सनदेपूर्वीचे सक्तीचे प्रशिक्षण कायद्यातून गेले. तेव्हापासून हे शिकण्याची हक्काची जागा शेवटचे वर्ष हीच उरली आहे. परीक्षा संपवून मुले मे महिन्यात मोकळी होतात, तेव्हा न्यायालयांना उन्हाळ्याची सुटी असते. म्हणजे जे पाहायचे ते ऑगस्ट ते मार्च या काळातच पाहायला हवे.

त्यातही कोकणातला दावा पुस्तकातल्या दाव्यासारखा नसतो. इथे एका सातबारावर तीस-चाळीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईला, काही हयात नसलेली. गडगा (हद्दीचा दगडी बांध) कोणी सरकवला, पाखाडी (पायऱ्यांची वाट) कोणाच्या वहिवाटीची, कुळाचे नाव कोणत्या फेरफाराने लागले, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमीनदारी, १९४९ च्या कायद्याने संपली, पण तिच्या खुणा असलेले जुने कागद आजही वाटपाच्या दाव्यात पुढे येतात. खोतीविरुद्ध १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला खोताचे कागद वाचता येऊ नयेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालावे अशी शासनाची अधिसूचना १९९८ पासून आहे, तरी चांगल्या इंग्रजीत मसुदा करणाऱ्या मुलाला चतुःसीमेसह (चारही बाजूंच्या हद्दींसह) एका मिळकतीचे वर्णन शुद्ध मराठीत लिहिता येत नाही, हा अनुभव मी दरवर्षी घेतो.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. अपिलासाठी मुंबई गाठण्याचे दिवस गेले, आणि त्यामुळे इथे राहून वकिली करण्यात तरुणांना पूर्वीपेक्षा अधिक अर्थ वाटू लागला आहे. नवोदितांना ग्रामीण भागात दरमहा १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. तालुक्यातल्या अनेक ज्येष्ठांना एवढी रक्कम परवडणारी नाही, हे मला ठाऊक आहे. पण एसटीच्या पासाचे आणि दुपारच्या जेवणाचे पैसे तरी आपण देऊ शकतो, आणि तेही न देता मुलांकडून वर्षभर नकला आणि झेरॉक्सची कामे करून घेणे मला योग्य वाटत नाही.

विद्यापीठाने विधी शाखेच्या अंतिम सत्राचा निकाल इतर सत्रांच्या आधी, जूनअखेर लावावा. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाची कागदपत्रे तपासावीत. राज्य वकील परिषदेने वर्षातून दोनदा रत्नागिरी आणि ओरोस येथे कागदपत्र पडताळणीचे शिबिर घ्यावे, म्हणजे मुंबईची एक तरी फेरी वाचेल. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की आपल्या तालुक्याच्या वकील संघटनेने शेवटच्या वर्षातल्या मुलांची यादी महाविद्यालयाकडून मागवून घ्यावी आणि ज्याच्या त्याच्या गावाजवळच्या न्यायालयात त्यांना वाटून घ्यावे. माझ्याकडे आलेल्या चौघांपैकी दोघांना मी ठेवून घेतले आहे. उरलेल्या दोघी लांज्याकडच्या आहेत आणि त्यांना देवरुखला रोज येणे शक्य नाही. लांजा किंवा राजापूर येथील कोणी वकील त्यांना आपल्या कार्यालयात बसू देणार असतील, तर त्यांनी देवरुखच्या न्यायालयातील वकील कक्षात तसा निरोप ठेवावा.

आपला,
एक वकील, देवरुख (जि. रत्नागिरी)