बाबा, पेटीची चावी फिरवू नका

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी कामाचं. बाबा, जुन्या बाजारातून आणलेल्या, चावी दिली की आपोआप गाणं वाजवणाऱ्या पेटीचा (म्युझिक बॉक्सचा) फोटो मिळाला. चावी घट्ट लागते, पण रूळ हलत नाही म्हणालात. म्हणजे स्प्रिंग बहुतेक भरलेली आहे आणि पुढे कुठेतरी चाक अडकलंय. अशा वेळी कशालाही हात लावायचा नाही. फोटोत कडेला नखाएवढा पंखा दिसतो ना, तो हवा कापत फिरतो म्हणून रूळ संथ चालतो. तो सुटला तर सगळी स्प्रिंग एका दमात मोकळी होईल, रूळ गरगरेल, त्यावरच्या बारीक सुया वाकतील आणि त्या सुया ज्यांना छेडून सूर काढतात ते पोलादी फणीचे दात तुटून पेटीभर पडतील. शंभर वर्षं टिकलेली पेटी काही सेकंदांत संपते. रॉकेल नको, शिलाई मशीनचं तेल नको, आणि शेजारच्या काकांचा स्क्रू-ड्रायव्हर तर मुळीच नको.

आता आई, तुझा प्रश्न. निपाणीत कुणी विचारलं की मुलगी बेळगावात काय करते, तर काय सांगायचं? जुनी वाजणारी यंत्रं दुरुस्त करते, असं सरळ सांग. ‘ग्रामोफोन विकते’ एवढं मात्र सांगू नकोस. पितळी कर्ण्याचे जे चकचकीत ग्रामोफोन ‘अँटिक’ म्हणून खपवतात, त्यातले पुष्कळसे हल्लीच जोडलेले असतात. असा एखादा दुकानात आला की बाईंचा दिवसभर मूड जातो.

बाई म्हणजे ज्यांच्याकडे मी शिकते त्या, कॅम्पातल्या. पोटापाण्याचं काम हार्मोनियमचंच: भाता बदलणं, सूर घासणं. भजनी मंडळं आहेत तोवर त्याला मरण नाही. स्विस पेट्या क्वचित येतात, बहुतेक गोव्याकडच्या जुन्या घरांतून. पण एक आली की आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवतो. फणीच्या दाताखाली केसासारखी तार असते. सुई दाताला लागण्याआधी ही तार दाताची थरथर थांबवते. ती झडली असेल तर सुरात किर्र आवाज मिसळतो. अगदी वरच्या सुरांच्या दातांना तारेऐवजी पिसाचा तुकडा लावलेला सापडतो! खर्जाच्या दातांखाली शिशाची वजनं असतात, ती पांढरी पडून फुगतात आणि शेजारच्या दाताला चिकटतात. चाक झिजलं असेल तर उद्यमबागेतला लेथवाला करून देतो. एरवी तो हायड्रॉलिकचे भाग करतो. आमचं काम घेताना कुरकुरतो, पण पैसे देतेवेळी ‘अक्का, वाजवून दाखवा’ म्हणून अडून बसतो.

बाबा, तुम्ही हसून म्हणालात, बायका असलं कधीपासून करायला लागल्या? पहिल्यापासून. स्वित्झर्लंडमध्ये सेंत-क्रुआच्या आसपास या पेट्या बनत, तेव्हा रुळावर भोकं पाडायची आणि त्यांत एकेक सुई बसवायची हे काम बऱ्याचदा बायकाच करायच्या, पुष्कळदा घरी बसून. आपल्या निपाणीत बायका घरी विड्या वळायच्या, तसंच. डब्यावर नाव कारखानदाराचं. गोळा करण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला १८८९ साली मेरी एलिझाबेथ अ‍ॅडम्स ब्राउन या बाईंनी वाद्यं द्यायला सुरुवात केली आणि ती पुढे ३००० च्या वर गेली. संग्रहाला नाव मात्र त्यांनी नवऱ्याचं दिलं. मला ते पटत नाही. तुम्हाला पटेल, माहीत आहे.

आणि हे सगळं परदेशातलंच खूळ आहे असंही समजू नका. श्रीरंगपट्टणाहून १७९९ साली इंग्रजांनी नेलेला टिपूचा वाघ म्हणजे असंच यंत्र. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, त्याच्याखालचा गोरा शिपाई विव्हळतो, आणि वाघाच्या पोटात १८ पट्ट्यांचा ऑर्गन आहे. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ठेवलाय. इतिहास तुमच्या आवडीचा, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्या पेटीचं लाकूड पॉलिश करून ठेवायचं म्हणालात, तेही राहू दे. झाकणाच्या आत गाण्यांच्या यादीचा कागद चिकटवलेला असतो. तो असेल तर त्याला पाणी लागू देऊ नका. त्यावर कुणी शाईने काही लिहिलं असेल तर त्याचा फोटो पाठवा. आणि ज्याच्याकडून घेतलीत त्याला एकदा विचारा, पेटी कुठल्या घरातून आली, तिथे ती कोण लावायचं. तो भाव वाढवायच्या गोष्टी सांगेल, त्या सोडा. फक्त गावाचं आणि माणसाचं नाव मिळालं तर पाहा. बाईंच्या वहीत प्रत्येक पेटीपुढे तेवढं लिहिलेलं असतं, आणि नाव बाईचं असलं तर बाईचंच.

एसटीने पाठवू नका. रविवारी मी येते आणि मांडीवर घेऊन जाते. किती पैसे दिले तेही तेव्हाच सांगा. आईसमोर विचारणार नाही.

तुमची,
धाकटी