मित्राचे सुतक

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या मित्राला, म्हणजे आमच्या काकांना, जाऊन या महिन्यात सात महिने होतील. मधल्या काळात मी दोनदा पत्र लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४१ मध्ये रोममधून हद्दपार करून कॉर्सिका बेटावर धाडलेल्या तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या आईला, हेल्वियाला, सांत्वनाचे पत्र लिहिले. त्याच्या आरंभीच तो सांगतो की ताज्या जखमेला हात लावू नये, म्हणून दुःखाचा पहिला भर ओसरेपर्यंत मी थांबलो. माझ्या उशिराला असा विचार कारण नव्हता. काय लिहावे हेच मला कळत नव्हते, आणि जे कळल्यासारखे वाटले ते मी फोनवर बोलून चुकले होते.

बाबा, त्याबद्दल मला तुमची क्षमा मागायची आहे. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी तुम्हाला म्हणाले, "आता सावरा, काकांचं वय झालं होतं." तुम्ही "हो, बरोबर आहे" एवढेच बोललात आणि फोन आईकडे दिलात. काका तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होते. लहान माणसाचे वय झाले होते असे मोठ्या माणसाला सांगताना आपण काय बोलत आहोत, हे मला फोन ठेवल्यावर कितीतरी वेळाने उमगले.

त्या दिवसांत तुम्हाला भेटायला कोणी आले नाही, कारण सांत्वनासाठी जायचे ते काकूंच्या घरी. आपल्या रूढीत भावकीतल्या दूरच्या माणसाचेही सुतक असते, पण साठ वर्षे सोबत असलेल्या मित्राचे नसते. ज्या चुलत्यांना तुम्ही आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा भेटला असाल, त्यांच्यासाठी आपल्या घरात दहा दिवस देवपूजा थांबली होती. आणि ज्यांच्यासोबत तुम्ही रोज पहाटे रंकाळ्याला जात होतात, ते गेल्यावर दुसऱ्याच दिवशी घरात सगळे नेहमीसारखे चालावे अशी अपेक्षा होती. सुतक म्हणजे विटाळ असे आपण मानत आलो, पण मला आता त्यात एक मोठी सवलतही दिसते. या माणसाकडून काही दिवस कशाची अपेक्षा करू नका, असे सुतक चारचौघांना सांगते. तुम्हाला ती सवलत कोणी दिली नाही, मीही नाही.

उलट जो भेटेल त्याने तुम्हाला गीता ऐकवली. तुम्ही इतकी वर्षे पारायण करता, शहाण्याने शोक करू नये हे तुम्हाला आम्ही काय सांगावे, असे म्हणून त्यांनी तुमचे रडणे तुमच्या वाचनाच्या विरोधात उभे केले. मला ते पटत नाही. ते वचन रणांगणावर हातातले धनुष्य खाली ठेवलेल्या योद्ध्याला उद्देशून आहे, आणि त्याला पुढच्या घटकेला उठून लढायचे होते. तुम्हाला कोणाशी लढायचे आहे? शिवाय ज्या ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये त्या श्लोकावर मराठीत भाष्य केले, त्यांनी सहा वर्षांनी आळंदीला समाधी घेतली तेव्हा काय झाले ते नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आहे. निवृत्तिनाथ हे थोरले भाऊ तर होतेच, पण ज्ञानेश्वरांना अद्वैत शिकवणारे गुरूही तेच होते. आत्मा मरत नाही हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? तरीही नामदेव त्यांना शांत बसलेले दाखवत नाहीत. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावे, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावे, तशी त्यांची अवस्था नामदेव वर्णन करतात. आईवडील सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे त्यांच्या तोंडून वदवतात. वारकऱ्यांनी हे अभंग झाकून ठेवले नाहीत. ते आजही गातात, आणि निवृत्तिनाथांच्या गुरुपदाला त्यामुळे कणभरही उणेपणा येत नाही. शोक आवरा म्हणून इतरांना सांगणाऱ्या सेनेकालाही म्हातारपणी एका पत्रात लिहावे लागले की आपला मित्र सेरेनस गेला तेव्हा आपण मर्यादा सोडून रडलो. आणि त्याचे कारण तो असे देतो की सेरेनस वयाने लहान होता, तो आपल्या आधी जाईल हे कधी मनातच आले नव्हते.

मला मात्र तुमच्या रडण्याची काळजी नाही. काळजी आहे ती त्यानंतर आलेल्या गप्पपणाची. गेल्या सुट्टीत मी तुमच्याजवळ आठ दिवस होते. घरात माणसे होती, शेजारी येत होते, दुकानदार, रिक्षावाले, बँकेतले लोक सगळे तुमच्याशी आदराने बोलत होते, आणि तरीही तुम्ही कोणाच्यात नव्हता. मग एका दुपारी माझ्या लक्षात आले की तुम्हाला 'अरे' म्हणणारे आता कोणी उरलेले नाही. आई तुम्हाला 'अहो' म्हणते, मी 'तुम्ही' म्हणते, गल्ली 'सर' म्हणते. फाटकातून "काय मर्दा, उठलास का न्हाई अजून?" अशी हाक मारणारे एकटे काका होते. मित्र म्हणजे दुसरा आपणच, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. ते मी पूर्वी वाचले होते, पण ते सुभाषितासारखे वाटले होते. शाळेला दांडी मारून पंचगंगेच्या घाटावर पोहायला गेलेला मुलगा काकांच्या 'अरे'मध्ये जिवंत होता. आम्ही त्याला कधी पाहिलेच नाही, त्यामुळे आमचे कितीही प्रेम असले तरी आम्ही त्याला हाक मारू शकत नाही. म्हातारपणीचा एकटेपणा माणसे कमी झाल्यामुळे येतो असे आपण समजतो. मला वाटते, आपल्याला पूर्वीपासून ओळखणारी नजर मिटली की तो येतो, आणि तिची जागा मुलाबाळांनी भरून काढावी ही मागणीच चुकीची आहे. मी काकांची जागा घेणार नाही. पण घाटावरच्या त्या मुलाबद्दल तुम्ही मला सांगितलेत, तर ऐकायला मला नक्कीच आवडेल.

आई, तुझ्याबद्दल लिहिताना मला जास्त जड जाते, कारण तुझे काय हरवले हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. बाबा घरात गप्प बसून राहतात म्हणून तू गुरुवारचे भजन सोडलेस, भिशीला जाणे सोडलेस, आणि त्यांच्या दुःखाची सोबत करता करता स्वतः एकटी झालीस. सेनेकाच्या त्या पत्रातली एक गोष्ट खास तुझ्यासाठी सांगते. आपल्या वडिलांनी जुन्या चालीरीतींपायी तिला पुरते शिकू दिले नाही याची तो आईजवळ खंत करतो, आणि आता त्या अभ्यासाकडे परत जा, असे सुचवतो. आपल्या कोल्हापुरातही असे घडले आहे. १९१८ मध्ये शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात गेले. मागे राहिलेल्या सूनबाई इंदुमतीदेवी तेव्हा अजून लहान मुलगीच होत्या. राजघराण्यातल्या विधवेने शिकावे हे न रुचणाऱ्या त्या काळात, स्वतः पुत्रशोकात असलेल्या महाराजांनी सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मुलगा गमावलेल्या बापाला त्या मुलीचे पुढचे आयुष्य दिसत होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

मॅट्रिकनंतर तुझे शिक्षण थांबले, ते तू कधी बोलून दाखवले नाहीस. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उघडे आहे आणि आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तुझ्या नावाने वर्गणी भरायची मला इच्छा आहे. तू नको म्हणालीस तर भरणार नाही. पण बाबांना एकटे कसे सोडू, एवढेच कारण असेल तर ते मी मानणार नाही. आठवड्यातले दोन तास त्यांना त्यांचा शोक एकट्याने करू दे. त्यांना तेही हवे असेल.

मी पुढच्या शनिवारी रात्री पोहोचते आहे. बाबा, रविवारी पहाटे मी रंकाळ्यावर जाणार आहे. तुम्ही आलात तर बरे वाटेल, नाही आलात तरी मी रागावणार नाही. लहानपणी तिथल्या नंदीसमोर उभे करून काका मला सांगायचे की हा रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. मी दर वेळी विचारायचे, मग तो पोहोचणार कधी? त्यावर ते तुमच्याकडे बघून हसायचे आणि तुम्ही काहीतरी उत्तर द्यायचात. ते उत्तर मला आता आठवत नाही. तेवढे मला सांगा.

तुमची,
धाकटी