हॉलचे पडदे आणि आतल्या खोलीचं दार

ती. आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, दादाने आणलेला होम थिएटरचा सेट देऊन टाकू आणि आणखी मोठा घेऊ, सिनेमातलं बोलणंच कळत नाही. मागून आईचा आवाज आला की आहे तोच रात्री फळीवरची भांडी वाजवतो, आतल्या खोलीत झोप लागू देत नाही, आणखी मोठा कशाला. दोघांना एकदम उत्तर देता येईना, म्हणून निवांत बसून लिहिते आहे. आधी मुद्द्याचं सांगते. बाबा, नव्या सेटसाठी दुकानात पैसे देऊ नका. सेट चांगला आहे. उणीव हॉलमध्ये आहे, आणि ती कापडाने आणि सुताराच्या थोड्या कामाने भरून निघेल. सभागृहांमधल्या आवाजाचं काम करते म्हणून तुम्ही मला इंजिनिअर म्हणता ना, तर हे माझ्या रोजच्या कामातलंच आहे.

जुनं घर आठवा. धाब्याचं छत, खाली लाकडी पाट्या, मातीच्या जाड भिंती, बैठकीवर गाद्या आणि लोड, कोपऱ्यात गोधड्यांची चवड. तिथे छोट्या ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या ओसरीपर्यंत स्पष्ट ऐकू यायच्या. नवं घर बांधलं तेव्हा वर स्लॅब आला, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना पुट्टी, एका बाजूला काचेचा शोकेस आणि समोर काचेचं सरकतं दार. घर सुंदर झालं, आईला पुसायला सोपं झालं. पण टाइल्सवर पडलेल्या आवाजातला शंभरातला जेमतेम एखादा भाग तिथे जिरतो, बाकीचा परत फिरतो. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवून बघा. मागे जो झणझणीत थरथराट उरतो, तोच सिनेमातल्या प्रत्येक शब्दामागे उरत असतो.

आपण बोलतो तेव्हा सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं तोंडातून बाहेर पडतात. हॉल बारा बाय पंधराचा, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे ५१ घनमीटर हवा. आत काय काय सामान आहे ते धरून मी हिशेब केला, तर आवाज पूर्ण विरायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे पाचवं अक्षर येतं तेव्हा पहिल्याची शेपटी अजून खोलीत फिरत असते. त्यात 'आ', 'ओ' हे स्वर दणकट, तर 'स', 'त', 'फ', 'ख' हे नाजूक. आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या नाजूक व्यंजनावर येऊन पडते आणि 'साप' म्हणाला की 'ताप', कळत नाही. रिमोटवर आवाज वाढवला की शब्द आणि शेपटी दोन्ही सारखेच वाढतात. म्हणून ४० वरून ६० वर नेऊनही बोलणं तसंच गढूळ राहतं, फक्त गाणं लागलं की आईचं डोकं दुखतं.

बाबा, यात तुमच्या कानांचाही वाटा आहे, आणि तो मला हळुवारपणे पण स्पष्ट लिहायचा आहे. तुमची सगळी उमर यंत्रमागांच्या शेडमध्ये गेली. धोट्याचा खडखडाट ९० डेसिबलच्या वर असतो, आणि कारखान्यात आठ तासांसाठी ९० ही मर्यादा धरतात. अशा आवाजाने कानाची सगळी ताकद एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजांचं ऐकणं झिजतं, आणि नाजूक व्यंजनं नेमकी त्याच पट्ट्यात आणि त्याच्या वर राहतात. "आवाज येतो पण शब्द कळत नाही" असं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. ज्याचे कान धडधाकट आहेत तो घुमणाऱ्या खोलीतही अंदाजाने शब्द जुळवतो. तुम्हाला खोलीने तशी उसंतच दिलेली नाही.

आता कापडाचं. ही गोष्ट तुम्हाला आवडेल. खोलीतला आवाज मोजायचं शास्त्र सुरू झालं तेच गाद्यांपासून. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शिक्षकांचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री शांतता झाली की जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून त्या खोलीत मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. गाद्या वाढल्या की घुमणं किती कमी होतं याचं सूत्र त्याने बसवलं, आणि १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल त्या सूत्रावर उभं राहिलं. मी आजही तेच सूत्र वापरते. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली होती, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

सरकत्या दारावर सध्या जो पातळ, सरळ पडदा आहे तो काचेवरून परतणारा आवाज फारसा अडवत नाही. चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमचं कापडसुद्धा चुण्या न घालता भिंतीला चिकटवून सरळ टांगलं, तर बोलण्याच्या पट्ट्यात ते पंधरा-वीस टक्के आवाज शोषतं. पावणेपाचशे ग्रॅमचं मखमली कापड दुप्पट घेऊन चुण्या घालून टांगलं, तर हेच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास जातं. कापडाची जात महत्त्वाची आहेच, पण वजन आणि चुण्या त्याहून जास्त. त्यामुळे पडदेवाल्याला सांगा, दांडी जितकी लांब, त्याच्या दुप्पट कापड. तो दीडपट पुरे म्हणेल. ऐकू नका.

दुसरी गोष्ट भिंतीपासूनच्या अंतराची. भिंतीला अगदी टेकून हवेचे कण हलू शकत नाहीत. भिंतीपासून थोडं पुढे आलं की ते जोरात हलतात, आणि हलणारी हवा कापडाच्या विणीतून जाताना थकते. म्हणून पडदा भिंतीला चिकटलेला नको, चार-पाच इंच पुढे हवा. लांब ब्रॅकेट मिळतात, तेच बसवायला सांगा. दांडी छताजवळून सुरू करा आणि पडदा जमिनीच्या अर्धा इंच वर संपवा, म्हणजे आईला पुसताना अडचण नाही आणि पायातही येणार नाही.

बाबा, कापड निवडताना तुम्हाला मी काय शिकवणार! फक्त एक बघा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा थोडा विरोध होऊन पलीकडे गेली पाहिजे. मागे प्लास्टिकचा थर दिलेलं ब्लॅकआउट कापड हवा जाऊच देत नाही, त्यामुळे बारीक आवाज त्यावरून बराचसा परततो. ऊन अडवायला ते ठीक, आपल्या कामाला दुय्यम. आणि आपण सोलापूरचे असून मखमल कशाला शोधायची? पेटीत घडी करून ठेवलेल्या जुन्या चादरी काढा. जाड, घट्ट विणीच्या, सुती. एकेक तोलून बघा आणि क्षेत्रफळाने भागा, चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या वर भरल्या की त्या घ्या. दोन चादरी सोफ्याच्या मागच्या भिंतीवर दांडीला टांगा, तिथेही चार इंच अंतर ठेवून. मोर आणि वेलबुट्टी दिसायलाही छान दिसेल. टीव्ही आणि सोफा यांच्या मधल्या उघड्या फरशीवर मोठी सतरंजी, तिच्याखाली न घसरणारी जाळी. आई, ती जाळी विसरू नकोस, गुडघ्यांचं लक्षात ठेव.

एवढ्याने माझ्या हिशेबाप्रमाणे सव्वा सेकंदाचा अर्धा सेकंद होतो. सिनेमा बघायच्या खोलीला तेवढं पुरतं. सगळी खोली कापडाने मढवू नका, तेही वाईट असतं. कापड फक्त वरचा आणि मधला आवाज खातं. खालचा घुमारा, ज्याने भांडी वाजतात, त्याची एक लाट साडेतीन मीटरची आणि त्याहूनही लांब असते, तिला चार इंचांवरचा पडदा काहीच करत नाही. त्यामुळे जास्त कापड लावलं की वरचं सगळं मरतं आणि घुमारा तेवढा उरतो. घुमाऱ्याचा उपाय वेगळा आहे. जमिनीवरचा तो काळा खोका, म्हणजे खालचे आवाज काढणारा सबवूफर, दादाने कोपऱ्यात सारला आहे, तो तिथून हात-दीड हात बाहेर ओढा आणि त्याच्या मागचं बटण थोडं कमी करा. सोफाही मागच्या भिंतीला अगदी चिकटलेला आहे. भिंतीजवळ घुमारा सगळ्यात जास्त असतो, फूटभर पुढे घेतलात तरी फरक कळेल.

आणखी एक, याला खर्च शून्य. पाच स्पीकरमधला टीव्हीखालचा आडवा स्पीकर मुख्यतः बोलण्यासाठी असतो. तो शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला आहे. त्याला कप्प्याच्या काठापर्यंत पुढे आणा आणि तोंड तुमच्या कानाच्या दिशेने किंचित वर करा. सेटिंगमध्ये फक्त त्या एकाचाच आवाज दोन-तीन पायऱ्या वाढवता येतो. बहुतेक लोक हे करतच नाहीत.

ज्या दुकानदाराने "साउंडप्रूफ पडदे" सुचवले, त्याला नम्रपणे नको म्हणा. पडदा खोलीच्या आतला आवाज सुधारतो, खोलीबाहेर जाणारा आवाज अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते. कितीही महाग पडदा असो, त्याच्या वरून, खालून, बाजूने हवा जाते. शेजारच्या काकांनी अंड्यांचे ट्रे चिकटवायला सांगितले तेही करू नका. त्याचा उपयोग नगण्य आणि पुठ्ठा भसकन पेट घेतो.

आईच्या झोपेचा प्रश्न म्हणूनच पडद्याने सुटणार नाही, तो दाराचा आहे. हॉल आणि आतली खोली यांच्यामधली नऊ इंची विटांची भिंत ४५ डेसिबलहून जास्त आवाज अडवते. दार भरीव आहे, नीट मिटलं तर २५ ते ३० अडवेल. पण टाइल्स बसवल्या तेव्हा ते खालून तासलं आणि आता फरशीपासून दोन सेंटीमीटर वर आहे. ही फट दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का आहे. एक टक्का उघडं असलं की बाकीचं दार शिसवी असो की लोखंडी, एकूण अडवणूक वीस डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. पाणी भरलेल्या घागरीला तळाशी बारीक भोक असावं तसं आहे हे. नवं जाड दार घेण्याआधी ही फट बंद करायची.

जुन्या घराला उंबरा होता, त्याला दार येऊन टेकायचं आणि फट राहायचीच नाही. पण आता उंबरा नको. रात्री अंधारात बाथरूमला उठताना पाय अडकेल, आणि तेवढ्यासाठी मला ती जोखीम घ्यायची नाही. त्याऐवजी दाराच्या खालच्या कडेला बसवायची पट्टी मिळते. दार मिटलं की ती आपोआप खाली उतरून फरशीला टेकते, उघडलं की वर जाते. ती नाही मिळाली तर जाड रबराची साधी पट्टी चालेल, फरशीला जेमतेम घासेल अशी. चौकटीच्या तिन्ही बाजूंना, दार जिथे येऊन टेकतं तिथे, मऊ रबराची गास्केट. त्यानंतर दार थोडं दाबून मिटावं लागेल. कडीपाशी बाहेरून दाबलं आणि दार हललं, तर कडी अजून सैल आहे असं समजा आणि सुताराकडून कडीचं घर आत सरकवून घ्या. काम झालं की खोलीत दिवा लावा, हॉल अंधारा करा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येतो.

दार बंद राहू लागल्यावर हॉलमधला घुमारा आधीपेक्षा थोडा जास्त वाटेल, कारण आतापर्यंत तो उघड्या दारातून निघून जात होता. घाबरू नका, त्या खोक्याचं बटण आणखी जरासं कमी करा.

हे सगळं झालं तरी बाबा, कान तपासून घ्या. पडद्याने खोली सुधारेल, झिजलेलं ऐकणं परत येणार नाही. ऑडिओमेट्री म्हणतात ती तपासणी अर्ध्या तासाची, दुखत नाही, कानावर हेडफोन लावून बटण दाबायचं असतं. यंत्र लागलं तर लागलं. शेडमधल्या किती सहकाऱ्यांना तुम्ही हाका मारून मारून थकलात, तेव्हा तुम्हीच म्हणायचात की यांनी वेळेवर दाखवलं असतं तर बरं झालं असतं. कानाचं यंत्रही घुमणाऱ्या खोलीत नीट काम करत नाही, म्हणून पडदे आधी, तपासणी त्याच आठवड्यात. मी दिवाळीच्या आधी येते आहे, तुम्ही सांगाल त्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.

आई, तुझ्याकडून मला तीन मापं हवीत: सरकत्या दाराची रुंदी, छतापासून फरशीपर्यंतची उंची आणि आतल्या खोलीच्या दाराची रुंदी. फोटो दादाकडून पाठव. दांडी आणि पट्टी मी इथून घेऊन येते, चादरी तेवढ्या उन्हात घालून ठेव.

तुमची,
माई

ता. क. उन्हाळ्यात कूलर टीव्हीच्या शेजारच्या खिडकीत असतो. त्याचा घरघराट नाजूक व्यंजनं बुडवतो आणि त्याला कुठलाच पडदा उपाय नाही. यंदा तो तुमच्या पाठीमागच्या खिडकीत बसवून घ्या आणि सिनेमा लागला की गती एकवर ठेवा.