पुराआधीची बैठक कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल, पण आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं आणि पहिल्यांदा कुणाला हलवायचं हे विचारा, सगळे गप्प. २००५, २०१९, २०२१ तीन महापूर झाले तरी आमचं आपलं तेच, "बघू, एवढं नाही यायचं".

मदतीला माणसं कमी पडत नाहीत हो, २०१९ ला कुठकुठनं भाकरी आल्या, पण नंतर जुन्या कपड्यांचे ढीग पडले आणि हवं होतं ते प्यायचं पाणी, बीपी-शुगरच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड अन् जनावरांना वैरण. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली ती जास्त भरल्यामुळं, मग लाइफ जॅकेट आणि बोट चालवणारी पोरं मे महिन्यातच का तयार ठेवू नयेत? गणेश मंडळांकडं पोरं आहेत, जनरेटर आहेत, व्हॉट्सॲप ग्रुप तर आहेतच (गुड मॉर्निंग सोडून तिथं काही येत नाही ते सोडा). एकट्या म्हाताऱ्या माणसांची, बाळंतिणींची आणि म्हशी असलेल्या घरांची यादी करायला एक रविवार पुरे. आमच्या गल्लीत या रविवारी बसतोय.

- एक सांगलीकर