आई, या वेळी पाणी पी

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर तिकिटं झाल्याचं सांगितलं आणि आईनं लगेच सांडगे, मेतकूट, लोणच्याची यादी सुरू केली. तब्येतीचा विषय काढला की बाबा म्हणतात, "हो हो, पाहू," आणि आई म्हणते, "काही होत नाही बाप्पा." म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोन ठेवून देता येतो. पत्र फ्रीजवर लावून ठेवा, म्हणजे पाडव्यापर्यंत येता-जाता नजरेस पडेल.

मागच्या वेळचं एक बोलायचं राहून गेलं आहे. न्यूअर्कला तुम्ही बाहेर आलात तेव्हा आईचे ओठ फुटले होते, चेहरा उतरला होता. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. चौथ्या दिवशी रात्री आई बाथरूमच्या दाराशी भिंत धरून उभी दिसली, तेव्हा कळलं की उतरल्यापासून तिला लघवीला जळजळ होत होती, अंगात ताप होता, आणि "हिला सुट्टी घ्यावी लागेल" म्हणून ती गप्प राहिली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विमानात पाणी किती प्यायलात? आई म्हणाली, दोन पेले. सोळा तासांत दोन पेले! का, तर कडेच्या खुर्चीवरचा माणूस झोपला होता, त्याला बाथरूमसाठी उठवायचं कसं.

त्या रात्री मला तुझा राग आला होता, आई. नंतर लक्षात आलं की ही सवय विमानात लागलेली नाही. ती पुसदच्या एसटीत लागलेली आहे. तू माहेरी निघालीस की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाहीस, कारण वाटेत बायांना जायला धड जागाच नसायची. आत्याचंही तेच, काकूचंही तेच. प्रवास म्हटला की तहान मारायची. पण विमानात दहा पावलांवर बाथरूम असतं, दार आतून बंद होतं, आणि तिथं जाणं हा तिकीट काढलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे. या वेळी मी दोघांनाही कडेच्या खुर्च्या घेतल्या आहेत, मधल्या वाटेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. कुणाला उठवायचा प्रश्नच नाही. जागा बदलून मागायला कुणी आलं तर सरळ नाही म्हणायचं.

पाण्यासाठी इतकी का मागे लागते, तेही सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ओला टॉवेल गच्चीवर टाकला की पाहता पाहता वाळतो ना, विमानातली हवा तितकीच कोरडी असते. तिच्यातली आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्याही खाली असते, कारण पस्तीस हजार फुटांवरच्या ज्या हवेतून ती आत घेतात, तिच्यात ओलावा जवळजवळ नसतोच. उन्हाळ्यात घसा सुकला की माठाकडे हात जातो. विमानात थंडी असते, अंगावर शाल असते, त्यामुळे तहान जाणवतच नाही आणि नाक, घसा, डोळे मात्र सुकत राहतात. रिकामी बाटली सोबत ठेवा, तपासणी झाली की आतल्या नळावर भरा. तहानेची वाट पाहू नका, तासाभरानं थोडं थोडं प्या. एकदम तांब्याभर नको. आईचे डोळ्यांचे थेंब पर्समध्येच हवेत.

आता पाय. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे, तेव्हा बाबा, चष्मा लावून वाचा.

चालताना पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा दाबतात आणि पायातलं रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. तासन् तास गुडघे वाकवून बसलं की हे ढकलणं थांबतं, रक्त खाली साचतं आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. हे विमानामुळेच होतं असंही नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्र रात्र तळघरांतल्या आरामखुर्च्यांवर बसून काढायचे, आणि त्यातल्या काहींचा अशाच गुठळीनं मृत्यू झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली याचा अभ्यास मांडला. चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो, पण तरीही तो सहा हजारांत एक इतकाच असतो. म्हणजे घाबरायचं कारण नाही. मात्र आईच्या पायांच्या शिरा फुगलेल्या, वय सदुसष्ट, मागच्या ऑगस्टमध्ये गुडघा बदललेला, त्यामुळे सहा हजारांतला तो आकडा तिला जसाच्या तसा लागू होत नाही. तिच्यासाठी खबरदारी हवीच.

विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला जायचो तेव्हा बाबा कधी एका जागी बसायचे नाहीत. वर्ध्याला चहा, बडनेऱ्याला पाय मोकळे करणं, मग बर्थवर आडवं होणं. विमानात बडनेरा येत नाही, तो आपणच आणायचा. दर तास-दीड तासानं उठून मागच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. पट्टा बांधायचा दिवा लागला असेल तर बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर घ्यायचे, मग चवडे टेकवून टाचा उचलायच्या, वीस-वीस वेळा. आणि आई, पायाच्या अंगठ्यानं हवेत "श्री" काढायचा, आधी उजव्या पायानं, मग डाव्या. घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. अकरा वेळा काढलास तर जपही होईल.

आईसाठी गुडघ्याखाली येणारे दाबमोजे घ्यायचे आहेत. घोट्यापाशी दाब जास्त आणि वर कमी कमी होत जाणारे, पाकिटावर १५ ते ३० असा दाब लिहिलेला असतो. धंतोलीत सर्जिकल सामानाच्या दुकानांत मिळतील. सैल मोज्यांचा उपयोग नाही आणि चुकीच्या मापाचे पायात रुतले तर उलट त्रास. बाबा, तुम्ही मात्र आईचे पाहून तसलेच आणू नका. तुम्हाला वीस वर्षांची शुगर आहे, तळपायाला मुंग्या येतात. पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घट्ट मोजे तुमच्यासाठी नाहीत. आणि सकाळच्या फिरण्यातले तुमचे मित्र सांगतात तशी ऍस्पिरिनची गोळीही आपल्या मनानं घ्यायची नाही. पोटातून रक्त जाण्याची भीती असते, आणि एवढ्याचसाठी ती घ्यावी असं डॉक्टर सांगत नाहीत.

झोपेची गोळीही विमानात नको. गोळीनं माणूस सहा तास वेड्यावाकड्या स्थितीत निपचित पडतो, नेमकं तेच टाळायचं आहे. झोप आली तर घ्या, पण आपोआप आलेली.

उतरल्यावर दोन्ही पाय थोडे सुजलेले असले तर काळजी नाही, दोन दिवसांत ओसरतात. म्हणून बूट सैल घाला. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम किंवा लाल झाली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर त्याच मिनिटाला सांगायचं. ही लक्षणं प्रवासानंतर दोन-चार आठवड्यांनीही येऊ शकतात. आई, माझी मीटिंग असली तरी सांगायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी सांगायचं. चार दिवस गप्प राहणं आता चालणार नाही.

बाबांना विमानातल्या हवेची धास्ती आहे, तीनशे लोकांचा श्वास एकाच डब्यात म्हणून. मोठ्या विमानांतली हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते. त्यातली निम्मी बाहेरून येते आणि निम्मी अशा गाळणीतून फिरते, जी बारीक कणांपैकी ९९.९७ टक्के अडवते. खरी भीती असते ती आजूबाजूच्या एक-दोन रांगांत खोकणाऱ्या माणसाची, आणि आपल्या हातांची. समोरचं टेबल, पट्ट्याचं बक्कल, बाथरूमची कडी, सगळ्यांचे हात तिथंच. बसल्याबरोबर टेबल पुसून घ्या, जेवायच्या आधी हात साबणानं धुवा, डोळ्यांना-नाकाला हात लावायची सवय तेवढ्यापुरती सोडा. कुणी खोकत असेल तर मास्क लावा, विमानतळावरच्या रांगेत तर लावाच. फ्लूची लस निघायच्या किमान दोन आठवडे आधी झालेली हवी. न्यूमोनियाच्या लसीचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतका असतो, म्हणजे जवळजवळ दोन चिखलदरे एकावर एक ठेवल्यासारखं. म्हणून बाबांच्या ऑक्सिमीटरवर तिथं ९२-९३ दिसलं तर दचकू नका, धडधाकट माणसाचंही तेवढं उतरतं. जीव घाबरला तर मात्र डोक्यावरची घंटी दाबा. याच दाबामुळे पोटातला वायूही फुगतो. तेव्हा निघायच्या दिवशी तर्री-पोहे नकोत. तर्रीतला चणा सोळा तास सूड घेतो. आलूबोंडाही नको, साधा वरणभात खाऊन निघा. विमान उतरायला लागलं की बाबांनी जागं राहायचं, लिमलेटची गोळी चघळायची, आवंढे गिळायचे, म्हणजे मागच्यासारखा कान दुखणार नाही. आठवडाभर आधी सर्दी झाली तर मला कळवा. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब चढतो, दुकानातून परस्पर आणायच्या नाहीत.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, चिठ्ठीसकट, आणि मुक्कामापेक्षा पंधरा दिवसांची जास्त. इन्सुलिन खाली जाणाऱ्या सामानात टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं. एक गोष्ट डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. पश्चिमेला येताना तुमचा दिवस साडेनऊ तासांनी लांबतो. तुमची रात्री नऊची सुई इथल्या सकाळी साडेअकराला येईल. तेव्हा त्या लांबलेल्या दिवशी किती घ्यायचं, कधी घ्यायचं, हे तेच ठरवतील. मी नाही, तुम्ही नाही. मधुमेहाचं जेवण मी सांगून ठेवलं आहे, तरी दोन पोळ्या आणि भाजी डब्यात असू द्या. संत्री विमानात खुशाल खा, मृग बहाराची असतील, पण उरलेलं एकही फळ घेऊन उतरू नका. ताजी फळं इथं आणू देत नाहीत. आईच्या लोणच्या-सांडग्यांचंही उतरल्यावर तपासणीत खरं ते सांगायचं.

आईसाठी आणि बाबांसाठीही व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, तुम्ही अंबाझरीला रोज चालता हे मला ठाऊक आहे. पण मुंबईला रात्रीच्या रांगेत तासभर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. आईच्या गुडघ्यातल्या धातूमुळे तपासणीच्या दारात आवाज येईल, तिनं आधीच सांगून टाकावं.

सकाळी सातला उतराल तेव्हा शरीराला दुपारचे साडेचार वाटत असतील. त्या दिवशी आपण अंगणात उन्हात बसू, रात्री आठ वाजेपर्यंत मी झोपू देणार नाही. पहाटे तीनला जाग येईल, चारेक दिवस येईलच. चहाचं भांडं कुठं आहे ते दाखवून ठेवीन.

दाबमोज्यांसाठी आईच्या घोट्याचं, पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचं आणि गुडघ्याखालून टाचेपर्यंतच्या लांबीचं माप सकाळी उठल्याबरोबर घ्या, तेव्हा सूज नसते. दोन्ही पायांचं घ्या आणि बुधवारपर्यंत कळवा.

तुमची,
मनू